तुळईवरचे पितळी खिळे

रविवारी चर्चमधून आल्यावर सॉल्वेगने कोटही न उतरवता तळघरात जाऊन दिवा लावला. स्टुलावर चढायला आता तिला सुनेचा आधार लागतो. डार्लाने तिची कंबर धरली. सॉल्वेगने छताच्या तुळईवर हात फिरवून शेवटच्या ओळीचं टोक शोधलं, दोन बोटं जागा सोडली आणि सोफ्याला मारतात तसला गोल टोपीचा एक पितळी खिळा दोन ठोक्यांत बसवला.

"दोनशे," जिन्यावरून तिचा मुलगा लेइफ म्हणाला.

"हं," सॉल्वेग म्हणाली आणि हातोडी डार्लाच्या हातात देऊन खाली उतरली.

जिंकलेल्या सामन्याला एक खिळा, एका हंगामाची एक ओळ, आणि हरलेल्या सामन्याला काही नाही. ही रीत तिने स्वतःच पाडली होती, तिच्या नवऱ्याचा, कोच आर्नेचा, पहिला विजय झाला तेव्हा. त्याच्याआधी हेगेन कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ सलग दोन वर्षं एकही सामना जिंकला नव्हता. मैदानाच्या एका टोकाला मका होता, दुसऱ्या टोकाला प्राध्यापकांच्या गाड्या उभ्या असायच्या. आता तिथे दिवे आहेत, बसायला पायऱ्या आहेत आणि येत्या शनिवारी त्या मैदानाला आर्ने टॉरविकचं नाव मिळणार आहे. चौतीस हंगाम, सहा अजिंक्यपदं, चौऱ्याऐंशी साली अकरापैकी अकरा सामने, आणि काल बर्फात निवृत्तीच्या सामन्यात मिळवलेला दोनशेवा विजय. आमच्या लुंड प्रेअरी गावची माणसं मात्र कोचबद्दल सांगायला लागली की आधी वेगळंच सांगतात. त्याच्याकडे चार वर्षं टिकलेल्या मुलांपैकी पदवीशिवाय घरी गेले ते फक्त नऊ. त्या नऊ जणांची नावं कोचला पाठ आहेत.

शनिवारी लावायची ब्राँझची पाटी ओतून झाली होती. तिच्यावर कालच्या विजयाच्या भरवशावर आधीच घातलेला 'दोनशे' हा आकडा होता आणि चौऱ्याऐंशीच्या हंगामासाठी खाली वेगळी ओळ होती. पाद्रीबाबांनी सकाळच्या प्रवचनात त्या पाटीचा दोनदा उल्लेख केला. दुसऱ्या उल्लेखाला चौथ्या बाकावर बसलेल्या हॅरल्डने प्रार्थनेचं पुस्तक मिटलं आणि मनाशी ठरवलं की आज सांगायचं. आर्ने घराबाहेर काढेल तर काढू दे.

हॅरल्ड हा सॉल्वेगचा थोरला भाऊ. लग्न केलं नाही, गुरं सांभाळली, आणि चौतीस वर्षं गावात झालेल्या प्रत्येक सामन्याला मैदानाच्या कडेला आकड्याची काठी धरून उभा राहिला. लहान कॉलेजांत ही कामं गावातलेच लोक करतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. काम म्हटलं तर पोरासोरांचं आहे. संघाला पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. कितवा प्रयत्न चालू आहे ते काठीच्या टोकावरचा पत्रा उलटून दाखवायचं, बस्स. चौथ्यात जमलं नाही तर बॉल समोरच्यांचा. पण पंच, गुणफलकवाला, दोन्ही कोच आणि पायऱ्यांवरचे दीड हजार लोक त्या पत्र्याकडे बघूनच चालतात.

हॅरल्डची आणखी एक गोष्ट गावाला ठाऊक आहे: तो कॉफी पीत नाही. आमच्यात, नॉर्वेहून येऊन इथे वसलेल्यांत, माणूस चर्च सोडेल पण कॉफी सोडणार नाही, म्हणून सुरुवातीला लोकांना वाटलं की दुखणं मोठं असावं. तो म्हणायचा, पित्त होतं. सॉल्वेग तरी दर रविवारी त्याच्या ताटाशी कप मांडते आणि तो बसल्याबसल्या कप उपडा करून ठेवतो. पंचवीस वर्षं हे चाललं आहे. डार्ला लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं की ही नॉर्वेहून आलेली काहीतरी चाल असावी.

*

स्वयंपाकघरात इंगा बटाटे कुस्करत होती आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावत होती. ही टॉरविकांची धाकटी, कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारी. तिची पिशवी खुर्चीवर होती आणि पिशवीत ताटाएवढा एक पत्र्याचा चपटा गोल डबा होता.

डार्लाने दार लोटून घेतलं आणि इंगाने काय ठरवलं ते विचारलं. या घरात खरी बातमी आधी या दोघींना कळते. उन्हाळ्यात तळ्यावरची झोपडी विकण्यावरून इंगा आणि लेइफचं वाजलं, तेव्हापासून भावाचा निरोप बहिणीला डार्लामार्फतच जातो.

इंगाने ठरवलं होतं की डबा उघडायचाच नाही. तिने तो आणला होता भेट म्हणून. हंगामाच्या शेवटच्या रविवारी टॉरविकांकडे जेवणानंतर एखाद्या जुन्या सामन्याची फिल्म भिंतीवर दाखवतात आणि कुठली ते पाळीपाळीने एकेकाने निवडायचं असतं. यंदा पाळी इंगाची. आजवर कुणालाच निवडता न आलेली एकच फिल्म होती, चौऱ्याऐंशीच्या शेवटच्या सामन्याची. ती कॉलेजच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेली, असं बाबा सांगत. इंगाला मग सुचलं की त्या काळी कोच लोक आपापल्या सामन्याची फिल्म स्वतःही काढत. म्हणजे समोरच्यांची प्रत असणार. सेंट फ्लोरियन कॉलेजच्या ग्रंथालयाला तिने पत्र लिहिलं आणि गुरुवारी डबा आला. शुक्रवारी रीळ नीट चालतंय का बघायला तिने ते ग्रंथालयात लावलं. शेवटचं मिनिट तिने चार वेळा पाहिलं, आणि मग डार्लाला फोन केला.

"मी दुसरं रीळ आणलंय, एक्क्याण्णवचं," इंगा म्हणाली. "हे मी सोमवारी परत पाठवते. संपलं."

"संपलं नाही गं," डार्ला म्हणाली. "फिल्म सापडली एवढं मी लेइफला बोलून गेले. फक्त तेवढंच. आणि त्याने गाडीत बाबांना सांगितलं, मामांसमोरच."

इंगाने बटाट्यांचं पातेलं खाली ठेवलं. तेवढ्यात लेइफ आत आला. बायको आणि बहीण एकदम गप्प झाल्या की या घरात काहीतरी शिजतंय, एवढं वीस वर्षांत तो शिकला होता. त्याने सरळ विचारलं. इंगानेही सरळ सांगितलं: पाच प्रयत्न होते. तुझा तो धाव घेतलेला प्रयत्न पाचवा होता, चौथा नव्हता.

लेइफ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. चौदा-दहाने मागे, शेवटची काही सेकंदं, आणि बॉल पोटाशी धरून तो तीन जणांच्या अंगावरून सीमारेषेच्या पलीकडे पडला होता. त्या एका पावलावर हेगेनचा अकरापैकी अकराचा हंगाम उभा आहे. न्हाव्याचं दुकान असो की बँक, आजही कुणीतरी त्याला त्या पावलाची आठवण करून देतं. पुढे तो बापाच्याच हाताखाली बचावाचा कोच झाला आणि शनिवारी मैदानाच्या नामकरणानंतर लगेच नवा मुख्य कोच म्हणून त्याचं नाव जाहीर व्हायचं होतं.

"आजचा दिवस बरा सापडला तुला," तो म्हणाला.

"मी मुद्दाम केलं असं वाटतंय का तुला?"

"झोपडीचं राहिलं असेल मनात."

डार्लाने नवऱ्याकडे नुसतं बघितलं. लेइफ मान खाली घालून हळू आवाजात म्हणाला की निकाल तसाही बदलत नाही. पंचांची चूक पंचांकडे, सामना संपला की संपला, नियमच तसा आहे. मग बाबांच्या शेवटच्या रविवारी हे उकरून कुणाचं भलं होणार? यावर इंगाचंही तेच मत होतं. उन्हाळ्यापासून भावाबहिणीचं पहिल्यांदा एकमत झालं ते डबा न उघडण्यावर.

*

जेवणाला मांसाचे गोळे होते, बटाटे होते, लेफसे म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या होत्या, लिंगनबेरीचा मुरंबा होता. हॅरल्डने कप उपडा केला. प्रार्थना झाली. आर्नेने बटाटे वाढून घेतले, इकडे द्या तिकडे द्या झालं, आणि मग त्याने ताटावरून नजर न काढता विचारलं, "कुठली लावतेयस, इंगा?"

"एक्क्याण्णवची, बाबा. नदीपलीकडच्यांना हरवलं ती."

"चांगली आहे," आर्ने म्हणाला. "तीच लाव."

तो पटकन म्हणाला, जरा जास्तच पटकन. इंगाच्या ते लक्षात आलं. दुसरी फिल्म सापडल्याचं त्याला गाडीत कळलं होतं आणि त्याने तिचं नावही काढलं नव्हतं. ज्या माणसाला सत्त्याहत्तर सालच्या सरावातला पाऊस आठवतो, तो आपल्या सगळ्यात मोठ्या सामन्याची पंचवीस वर्षांनी सापडलेली फिल्म बघायला मागत नाही. इंगाने आईकडे पाहिलं. सॉल्वेग मुरंब्याच्या बरणीचं झाकण पुसत होती.

"चौऱ्याऐंशीची सापडली म्हणतात," हॅरल्ड म्हणाला.

हॅरल्ड जेवताना फार तर मीठ मागतो, त्यामुळे त्याने वाक्य बोलणं हीच एक घटना होती.

लेइफ म्हणाला, "जुनी आहे, मामा. अडकत अडकत चालते म्हणे."

"चालू दे अडकत. तीच लावा."

"पाळी इंगाची आहे, हॅरल्ड," आर्ने म्हणाला.

"मग इंगाला विचारतो. पोरी, मी या घरात कधी काही मागितलंय का?"

त्याने खरंच कधी काही मागितलं नव्हतं. या मामाने तिला सायकल शिकवली होती, कॉलेजला जाताना तिच्या पेट्या गाडीत चढवल्या होत्या, आणि दर नाताळला तेच एक लोकरी मोज्यांचं पाकीट दिलं होतं. इंगाचा मघाचा निश्चय तिथेच ढासळला. तिने भावाकडे बघायचं टाळलं आणि म्हणाली, "लावते, मामा."

*

तळघरात खुर्च्या मांडल्या. आर्ने आपल्या नेहमीच्या जागी, हातात प्रोजेक्टरचं बटण. या बटणाने फिल्म मागे नेता येते आणि टॉरविकांची मुलं ह्या बटणाच्या खटखटीवर वाढली. घरचा नियम असा की एकच प्रयत्न तीनदा बघून झाल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. पहिल्यांदा माणूस जे बघायचं असतं तेच बघतो, असं कोच सांगतो.

इंगाने रीळ शेवटाकडे आणून ठेवलं होतं. भिंतीवर करडं मैदान आलं. गारांसारखा बर्फ तिरका पडत होता. हेगेनची मुलं समोरच्यांच्या सीमारेषेपासून सहा यार्डांवर उभी होती. कडेला, चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, काठी धरलेला एक उंच माणूस. काठीवर एक.

बॉल लेइफकडे गेला. तीन यार्ड. मग हेगेनने विश्रांती मागितली. मुलं कोचकडे धावली. कोपऱ्यातल्या उंच माणसाकडे अंतर मोजायची साखळी धरणारा मार्विन आला आणि त्याने थर्मासचं झाकण पुढे केलं. उंच माणसाने काठी काखेत धरली, दोन्ही हातांनी ते झाकण घेतलं आणि कॉफी प्यायली. वाफ तेवढी स्पष्ट दिसत होती. शिट्टी झाली. त्याने काठी पुन्हा उभी केली. काठीवर एकच होता.

पुढचं सगळ्यांनी मोजलं, ओठ न हलवता. दुसरा प्रयत्न, काठीवर एक. तिसरा, बॉल जमिनीवर, काठीवर दोन. चौथा, सीमारेषेच्या एक हात अलीकडे ढीग, काठीवर तीन. खरं तर इथेच बॉल सेंट फ्लोरियनचा व्हायचा आणि सामना संपायचा. पण मुलं परत रांगेत आली, समोरचीही आली, कुणी ओरडलं नाही, कुणी बोट वर केलं नाही. दोन्ही बाजूंचे कोच काठीकडे बघत होते. मग काठीवर चार आलं, आणि लेइफ तीन जणांच्या अंगावरून पलीकडे गेला.

आर्नेने फिल्म मागे नेली नाही. त्याने बटण मांडीवर ठेवलं.

"ते मी केलं," हॅरल्ड म्हणाला. तो उभा राहिला होता. "रात्री गोठ्यात दूध काढताना लक्षात आलं. एक, एक, दोन, तीन, चार. मनात पुन्हा पुन्हा मोजलं. गावात फटाके वाजत होते. तुला सांगायला निघालो होतो, आर्ने, गाडीसुद्धा सुरू केली. मग म्हटलं उद्या. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास की फिल्म पाण्यात गेली. मला वाटलं, देवानेच झाकलं. परवा ती पाटी बघितली. तुझं नाव, आणि खाली माझी चूक, ब्राँझमध्ये. ते बघत मी नाही जगू शकत. तू मला घरी येऊ नको म्हणालास तरी चालेल."

एवढं तो आयुष्यात एका दमात बोलला नव्हता. डार्लाला रडू येत होतं. तिने वीस वर्षं त्या उपड्या कपावरून मामाची चेष्टा केली होती.

लेइफ मामाकडे बघत होता. मघापासून त्याच्या डोक्यात एकच होतं, शनिवार कसा वाचवायचा. आता त्याला त्या कोपऱ्यातल्या उंच माणसाचे गोठलेले हात तेवढे दिसत होते. त्याने उठून हॅरल्डच्या खांद्याला धरून त्याला खाली बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसला.

"पाणी शिरलं नव्हतं," आर्ने म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"रविवारी चर्चच्या आधी मी कॉलेजात बसून ती बघितली. दर रविवारी बघतो तशी, तीन तीनदा. मग रीळ घेतलं आणि इमारत गरम ठेवायच्या भट्टीत टाकलं." तो भिंतीकडे बघून बोलत होता, तिथे आता नुसता पांढरा चौकोन होता. "मी स्वतःला सांगितलं की हे हॅरल्डसाठी. हे लोकांना कळलं तर हा माणूस गावात तोंड दाखवणार नाही. पहिलं वर्षभर ते खरंही होतं. नंतर ते माझ्यासाठी होतं. अकरापैकी अकरा. मला ते आवडायचं. लोक म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो. मुलांना सांगत राहिलो, पहिल्यांदा माणूस हवं तेच बघतो, आणि मी तिसऱ्यांदा बघूनही जाळलं."

"तुला माहीत होतं," हॅरल्ड म्हणाला.

"होतं."

"पंचवीस वर्षं."

"हो. तू कॉफी सोडलीस तेव्हा कळलं की तुलाही माहीत आहे. तरी बोललो नाही."

एकमेकांना वाचवण्याच्या नादात दोघांनी पंचवीस वर्षांचे रविवार वाया घालवले होते. मला विचाराल तर वाचवणं थोडं आणि भित्रेपण जास्त होतं, पण या दोघांना ते सांगायची आता गरज नव्हती.

इंगाला राहवलं नाही. तिने विचारलं की सेंट फ्लोरियनच्या कोचचं काय झालं. डब्यावर आतून नाव होतं, रे कोवाल.

रे कोवालचं सेंट फ्लोरियन तो सामना जिंकलं असतं तर अजिंक्यपद त्यांचं होतं, कॉलेजच्या इतिहासातलं पहिलं. पुढच्या वर्षी त्याने कोचिंग सोडलं आणि विमा विकायला लागला. आर्नेला हे सगळं माहीत होतं. त्याने वहीत न बघता फोनचा नंबर फिरवला, त्यावरून इंगाला समजलं की हा नंबर बापाने यापूर्वी पुष्कळदा काढून बघितला असणार.

फोन तळघरातच, जिन्याच्या भिंतीवर आहे. पलीकडचा माणूस त्र्याऐंशी वर्षांचा आणि कानाने कमी, त्यामुळे त्याचं मोठ्याने बोलणं खोलीभर ऐकू येत होतं.

"रे, मी आर्ने टॉरविक."

"ओळखला आवाज. दोनशेबद्दल अभिनंदन. रेडिओवर ऐकलं."

"मी चौऱ्याऐंशीच्या सामन्यासाठी फोन केलाय."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"पाच," रे कोवाल म्हणाला.

"हो."

"सोमवारी फिल्म धुऊन आली, तेव्हा मोजले. मैदानावर मीही काठीच बघत होतो, त्यामुळे तुझ्या माणसाला बोल लावणार नाही. मुलं म्हणाली, संघटनेला कळवा. मी म्हटलं, थांबा, टॉरविक फोन करेल. तो तसा माणूस आहे. थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत मी संध्याकाळी घर सोडलं नाही. बायको वैतागली होती."

आर्नेने फोन दुसऱ्या हातात घेतला. "मी करायला हवा होता."

"हवा होता. नाताळपर्यंत वाट बघितली, मग सोडून दिली." तो रागावलेला नव्हता. हवामान सांगावं तसं सांगत होता. "मला आता काही नको, आर्ने. पण माझी मुलं अजून ऑगस्टात जमतात. पन्नाशीला आलीत. त्यांच्यातला एक अजूनही म्हणतो की त्या शेवटच्या वेळी आपण अडवायला हवं होतं. त्यांनी अडवलं होतं. चौथ्याला अडवलं होतं. एवढं त्यांना कुणीतरी सांग."

"शनिवारी सांगतो. माइकवरून. त्यांना येता येईल का?"

"विचारतो," रे कोवाल म्हणाला. "पायऱ्यांना कठडा आहे ना? मला कठडा लागतो."

आर्ने म्हणाला, आहे. मग त्याने फोन ठेवला आणि थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चौतीस हंगामांत हरल्यावरसुद्धा त्याची पाठ अशी कुणी बघितली नव्हती. सॉल्वेग उठली नाही. तिने त्याला तसा उभा राहू दिला.

वळला तेव्हा त्याने आधी मुलाकडे बघितलं. शनिवारी हे बोललो तर तुझ्या नावाच्या घोषणेवर पाणी पडेल, कदाचित अध्यक्ष घोषणा पुढेही ढकलतील, असं त्याने सांगितलं. त्याचं ते सीमारेषेपलीकडचं पाऊल, तो टचडाउन, तर जाणारच.

लेइफ म्हणाला, "कोच, मी बचाव शिकवतो. त्या मुलांनी अडवलं होतं, हे मलाच सांगायला आवडेल." मग म्हणाला, "पाटीचं काय करायचं?"

"ती लावायची नाही. नियम काही म्हणू दे, निकाल त्यांच्या कागदावर राहू दे. पण ही तुळई आपली आहे. हॅरल्ड, पकड आण."

हॅरल्डला या घरातली पकड कुठे असते ते माहीत होतं. तो घेऊन आला, स्टुलावर चढला. त्याला सुनेचा आधार लागला नाही. लेइफने खालून दिवा धरला. तुळईवर दर ओळीपुढे सॉल्वेगने पेन्सिलीने साल लिहिलेलं आहे. हॅरल्डने बोटाने चौऱ्याऐंशीची ओळ शोधली आणि शेवटच्या खिळ्याला पकड लावली, पण ओढली नाही. तो ओळीवरून बोट फिरवत मागे गेला. मग पुन्हा पहिल्यापासून आला.

"काय झालं?" आर्नेने विचारलं.

"दहाच आहेत," हॅरल्ड म्हणाला.

लेइफने दिवा वर नेला आणि स्वतः मोजले. दहाच होते. आजूबाजूला उपटल्याची खूणही नव्हती. अकरावा खिळा त्या लाकडात कधी गेलाच नव्हता.

सगळे सॉल्वेगकडे बघायला लागले. ती मांडीवरची शाल घडी करत होती.

"चौथ्या प्रयत्नाला मी डोळे मिटते," ती म्हणाली. "तुम्ही सगळे हसता त्यावर. त्या दिवशीही मिटले. मिटण्याआधी मी कधी काठी बघत नाही, मी बोटांवर मोजते. उघडले तेव्हा तुमची मुलं परत रांगेत उभी होती."

"आणि तू काही बोलली नाहीस?" आर्ने म्हणाला.

"एक माझा नवरा आणि एक माझा भाऊ. म्हटलं, दोघांतला कुणीतरी एक येऊन सांगेल, तोवर खिळा मारायचा नाही. दर रविवारी वाट बघितली." तिने शाल खुर्चीवर ठेवली. "आज सकाळी मारला तो एकशे नव्याण्णवावा. चला वर. ताटं तशीच पडलीयेत."

आर्नेने तिचा हात धरला. तिने हात सोडवून घेतला नाही, पण जिन्याकडे चालायला लागली, त्यामुळे तोही चालायला लागला.

वर टेबलावर मुरंबा उघडा पडला होता आणि बटाटे गार झाले होते. इंगा आणि लेइफ दोघं मिळून ताटं उचलायला लागले, आणि तळ्यावरच्या झोपडीचा नवा मालक तिला कुठला भयानक रंग देतोय यावर दोघांचं बोलणंही सुरू झालं. हॅरल्ड आपल्या जागी येऊन बसला. पकड अजून त्याच्या हातातच होती. ती त्याने ताटाशेजारी ठेवली. मग कप उचलला, आतून पुसला आणि सरळ ठेवला.

सॉल्वेग किटली घेऊन आली.

"सकाळची आहे," ती म्हणाली. "कडू झाली असेल."

"चालेल," हॅरल्ड म्हणाला.